दोन नारळांचं गाव

आमच्या मतदारसंघाचं सांगायचं तर आधी खाडी सांगावी लागते. खाडीच्या त्या अंगाला मुंबई, ह्या अंगाला आम्ही, नायगावच्या खालचं गाव, एकशेदहा उंबरे. पालघर मतदारसंघ झाला तो आत्ता, दोन हजार नऊला. त्याच्या आधी लोकसभेला आम्हाला मुंबईच्या शेपटीला बांधलेलं. बोरिवली, कांदिवली, मालाड, आनि दोरीच्या टोकाला आम्ही भातशेतीवाले. उमेदवार मुंबईचा, सभा मुंबईत, आमच्याकडे नुसता फोटो यायचा. एका खासदाराला मी सगळी मुदत भिंतीवरच पाहिला. पावसानं त्याचं नाक गेलं तरी तो हसत होता.

मी बळीराम. बूथवर पोलिंग एजंट बसायचो. एजंट म्हंजे पार्टीनं आत बसवलेला मानूस. मतदार आला की चेहरा बघायचा, दुसऱ्याच्या नावावर आला असला तर हात वर करायचा. चौथी नापासाला जमेल असं सरकारी काम तेवढंच. शहान्नवला बसलो, अठ्ठ्यान्नवला बसलो. नव्यान्नवला कावीळ झाली, घरात ऊस चोखत पडलो. पार्ट्यांची नावं मी घेत नाय, अजून कामं पडतात. एक जुनी पार्टी, एक नवी पार्टी, एवढं पुरे.

आमच्या गावाची एक रीत होती. मतदानाच्या आधी गावकी गावदेवीसमोर जमायची. देवीपुढे नारळ ठेवायचा, आनि तो उचलून पार्टीच्या मानसाच्या हातात द्यायचा मान आमच्या घराचा. आधी बापाचा, मग माझा. नारळ फोडायचा नाय, द्यायचा. दिला की गाव बांधलं गेलं, सगळ्या गावाचं मत तिकडे. मग पार्टी गावाचं काम करनार. एकदा नळ आला, एकदा स्मशानाची शेड आली. जितेपनी काय नाय मिळालं तरी मेल्यावर सावली मिळाली.

आता गाव खरंच तसं मत देतं का, हे कोनी तपासलं नव्हतं, कारन तपासता येत नव्हतं. मोजनीला मी दोनदा गेलो. आमच्याकडे सगळ्या गावांच्या पेट्या एका मोठ्या टाकीत ओतायचे आनि कागद भातासारखे ढवळायचे. मग गड्ड्या बांधायच्या. आमच्या गावाचा कागद कुठला आनि मालाडचा कुठला, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. म्हनून माझा शब्द हाच गावाचा आकडा. पार्टीवाले विचारायचे, "बळीराम, किती?" मी बोलायचो, "सगळी." विषय संपला.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात उधानाच्या भरतीनं आमचा बांध फोडला. बावीस हात खांड पडली. खाडीचं खारं पानी सगळ्या गावाच्या शेतात घुसलं. एक पीक गेलं ते गेलं, पन पुढच्या पावसाळ्यातही खांड उघडी राहिली असती तर जमीन पुरती खारवली असती. मग पाच-सहा वर्षं भाताचं नाव नाय. हापिसात गेलो. त्यांनी टेप लावून मापं घेतली, फोटो काढला. सायब बोलला, फाईल गेली. कुठे गेली ते बोलला नाय.

मग निवडनूक आली. म्हटलं, आता बांध होनार.

जुन्या पार्टीचा आमच्या पट्ट्यातला मानूस फर्डिनंड. शेजारच्या गावचा, दगडाचा धंदा, चार ट्रक. चौथीला आम्ही दोघं एका बाकावर नापास झालेलो, फक्त तो पुढे श्रीमंत झाला. तो बोलला, "बळ्या, दगड माझा. तुझं गाव माझं. मोजनीच्या दुसऱ्या दिवशी ट्रक बांधावर."

नव्या पार्टीचा सुधाकर. एव्हरशाईन सिटीत फ्लॅट, दिवसा मुंबईला नोकरी, रविवारी पार्टी. मूळ कोकनातला, बोलायला गोड. त्याच्या पार्टीकडे पोकलेन होतं. तो बोलला, "बळीरामभाऊ, टेन्शन नका घेऊ. रिझल्ट लागला की पोकलेन तुमच्याकडे. पण गाव हंड्रेड परसेंट पाहिजे."

आता बांधाचं काम ज्याला ठाऊक आहे त्याला माझी पंचाईत कळेल. नुसता दगड टाकला तर चिखल गिळतो. आधी पोकलेननं तळ काढून माती दाबावी लागते. आनि नुसती माती टाकली तर भरती तिला चाटून नेते. दगडाला माती पायजे, मातीला दगड पायजे. एक ह्याच्याकडे, एक त्याच्याकडे, आनि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाय.

तर मी दोन नारळ दिले.

पहिला रीतसर, गावकीसमोर, फर्डिनंडच्या हातात. त्यानं डोक्याला लावला, घरी नेला, आनि त्याच्या बायकोनं, सालोमीनं, तो वाटून बोंबलाच्या कालवनात घातला. दुसरा मी चार दिवसांनी दिला, टळटळीत दुपारी, गाव झोपलेलं असताना, सुधाकरला. साक्षीला फक्त माझा मेहुना, बायकोचा भाऊ. तो नव्या पार्टीचा एजंट होता.

बायकोला, सत्यवतीला, भावाकडून कळलं. ती भाकरी थापता थापता बोलली, "दोन नवरे करून कोन सुखी झालंय?"

मी बोललो, "अगो, कळनार कसं? मोजनीत सगळं ढवळतात."

"ह्या वेळी मशीन हाय बोलतात."

"मग तर चांगलंच. कागदच नाय."

मशीनबद्दल माझा हिशेब पक्का होता. तहसीलवाले शाळेत मशीन दाखवायला आलेले तेव्हा मी पाहिलेलं, दोन पेट्या आनि मधे काळी वायर. बटन दाबलं की मत वायरीत शिरतं. वायर आहे म्हंजे जाते कुठेतरी. टेलिफोनसारखं, मुंबईला. तिकडे सगळी मतं एकत्र होत असनार, खाडीत ओढ्याचं पानी मिळतं तशी. मी कोनाला विचारलं नाय. एवढ्या निवडनुका पाहिलेला मानूस, विचारनार कसा?

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला मी शाळेत, जुन्या पार्टीचा एजंट म्हनून. बूथचे मुख्य अधिकारी फुलपाड्याचे एक मास्तर होते, चष्म्याला दोरी. ते बोलले, "मतदान सुरू व्हायच्या आधी मशीन तपासायचं असतं. एजंट लोकांनी पाच-पाच बटणं दाबा. कुठलीही."

आम्ही दाबली. पीं, पीं वाजलं. मास्तरांनी दुसऱ्या पेटीवर एक बटन दाबलं आनि लाल आकडे यायला लागले. पहिल्याला तीन. दुसऱ्याला चार. एकून दहा. आम्ही दोघांनी दाबलेली बरोब्बर दहा.

मी बोललो, "मास्तर, हे आपलंच दाखवतंय?"

"मग कोणाचं दाखवणार?"

"नाय, मुंबईचं कायतरी..."

"मुंबईचा काय संबंध? हे मशीन तुमच्या गावाचं. संध्याकाळी सील होणार, मोजणीला हेच उघडणार. बूथवार आकडा मिळतो आता. लिहून घ्या खुशाल."

"आनि वायर?"

"वायर ह्या पेटीतून त्या पेटीत. अडीच-तीन पावलं."

"सगळी मशीनं एकत्र करून ढवळत नाय?"

"ढवळायला कढी आहे का?" मास्तर बोलले आनि आकडे पुसायला लागले.

मेहुना माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या कानात बोललो, "तुला ठाऊक होतं?"

"होतं ना."

"मग बोलला का नाय?"

"भावजी, तुम्ही इचारलंत कधी?"

मशीनवर सील लागलं. सीलवर सही माझीच. सात वाजले.

पहिलीच्या पोरांचा बाक होता तो. गुडघे हनुवटीला लागत होते. मागची खिडकी पुठ्ठ्यानं बंद, दारात पोलीस. उठायचं तर माझ्या जागी बसायला दुसरा एजंट पायजे, आनि फर्डिनंडनं दुसरा नेमलाच नव्हता. तो बोललेला, "बळ्या असला की सगळं गाव असतं." तर मी बसलो. आनि मनात मोजायला लागलो. गाव सगळं जुन्या पार्टीकडे गेलं तर सुधाकरला भोपळा दिसनार, पोकलेन गेलं. सगळं नव्याकडे गेलं तर फर्डिनंड, दगड गेला. अर्धं अर्धं झालं तर दोघंही येनार आनि विचारनार, नारळ देऊन अर्धंच गाव? कुठूनही मोजलं तरी शेवटी खांड उघडी आनि खोटा मी.

बाहेर जाऊन निदान बोलावं तरी. पन काय बोलावं? म्हंजे दार उघडं असतं तरी मी आतच होतो.

लोक यायला लागले. एकेक जन शाई लावून घेताना माझ्याकडे बघून डोळा घालायचा, बिनघोर राहा म्हनून. मला घाम. वरच्या आळीचे काका आले, पंच्याऐंशीचे. ते मशीनसमोर जाऊन वाकले आनि मोठ्यानं बोलले, "बलीराम, आपला नारल कितव्या बटनाला?"

मास्तर उठले. "आजोबा, बोलायचं नाही. आणि तुम्ही, एजंट, खाली बघा."

मी खाली बघितलं. काका थांबले. बराच वेळ पीं वाजलं नाय. मग वाजलं. ते माझ्या बाजूनं जाताना बोलले, "एक सोपी गोष्ट इचारली त पोरगं मान खाली घालतंय."

साडेबाराला जेवन आलं. दारातल्या पोलिसानं दोन पुडकी आत दिली. "हे बळीरामला, फर्डिनंडशेठकडनं. आनि हेपन बळीरामलाच, सुधाकर सायबांकडनं."

मास्तरांनी चष्म्यावरनं बघितलं. "एजंट एका पक्षाचा आणि डबे दोन?"

"पाव्हनेपना आहे," मी बोललो.

एकात मटन-पाव, एकात पुरीभाजी. ज्याचा डबा सोडला असता त्याला बाहेर निरोप गेला असता. मी दोन्हीतलं अर्धं अर्धं खाल्लं आनि उरलेलं मेहुन्याला दिलं. त्यानं चाटून पुसून खाल्लं, त्याला काय, त्याचा नारळ एकच.

दोनला सत्यवती आली, बरोबर आळीच्या दहा-बारा बायका. मला बघून तिनं पदर तोंडावर घेतला. हसत होती की काय, कळलं नाय. बायका एकेक आत गेल्या, पटपट पीं पीं, काकांसारखं थांबली कोनी नाय. जाताना ती बोलली, "पानी पिलात का?" एवढंच. मास्तरांनी असं बघितलं, जसं काय तेही लिहून घेनार.

पाचला दहा मिनिटं असताना माझी पाळी. बटनावर बोट ठेवून उभा राहिलो. मास्तर बोलले, "झोपलात का?" मी दाबलं. कुठलं ते सांगत नाय.

मग मोजनीपर्यंत दोन आठवडे. तेवढ्या दिवसांत माझी जेवढी सेवा झाली तेवढी लग्नातही झाली नव्हती. फर्डिनंड आला, "बळ्या, किती?" सवयीनं तोंडातून गेलं, "सगळी." रविवारी सुधाकर आला. "बळीरामभाऊ, फिगर काय?" त्यालाही, "सगळी." तो गेल्यावर सत्यवती बोलली, "गावात एकूनच मतं किती, तुमी वाटताय किती." मी डहानूला बहिनीकडे जाऊन राहायचं ठरवलं. पिशवी भरली. मग बांधावर गेलो, ओहोटी होती. खांडीतून पानी मागे चाललेलं आनि शेतावर मिठाची पांढरी साय धरलेली. परत येऊन पिशवी रिकामी केली.

मोजनीचा हॉल बोरिवलीकडचा. टेबलांच्या अलीकडे तारेची जाळी, जाळीमागे आम्ही एजंट, कोंबड्यांसारखे. फेरी संपेपर्यंत बाहेर सोडत नाय. फर्डिनंड गेटवर उभा, दहा पावलं सोडून सुधाकर. दोघांच्या हातात आपापली वही.

आमच्या गावाचं मशीन आलं. माझी सही दिसली सीलवर. बटन दाबलं.

एकून मतदान चारशे अठरा. जुनी पार्टी एकशे त्रेसष्ट. नवी पार्टी एकशे एकोनचाळीस.

मी मोजायला लागलो आनि जमेना. मेहुन्याला बोललो, "बाकीची कुठे गेली?"

आकडे चालूच होते. कुनी अपक्ष होता, कांदिवलीचा की दहिसरचा, त्यानं आमची खाडी पाहिली नसनार. निशानी शिवनाचं मशीन. त्याला अठ्ठ्याऐंशी. उरलेली अठ्ठावीस इकडेतिकडे पांगलेली.

मला हसू येत होतं की रडू, नक्की सांगता येत नाय. मी दोन आठवडे झोपलो नव्हतो की मी गाव दोघांना विकलं. आनि गाव कोनाचंच नव्हतं. माझ्या नारळाचं तर नाहीच. काय सांगावं, शहान्नवलाही असंच असेल, अठ्ठ्यान्नवलाही. बापाच्या वेळीही असेल. टाकीत ढवळत होते म्हनून आमच्या घराचा मान टिकला.

फेरी संपली, जाळी उघडली. मी गेटवर गेलो. खोटं बोलायला जागाच नव्हती, मेहुन्याच्या कागदावर तेच आकडे होते.

फर्डिनंडनं वाचलं. "एकशे त्रेसष्ट? बळ्या, नारळ दिलास ना तू?"

सुधाकरनं वाचलं. "नारळ? कुठला नारळ? नारळ मला दिलाय."

दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी बोललो, "दोघांना दिला. दगड ह्याच्याकडे, पोकलेन त्याच्याकडे. बांधाला दोन्ही लागतं. तुम्ही दोघं एका बांधावर उभे राहनार नव्हता, म्हनून मी दोन ठिकानी उभा राहिलो. गावाचा दोष नाय, गावाला दुसरा नारळ ठाऊक नाय. काय बोलायचं ते मला बोला."

फर्डिनंड बोलला, "आनि माझा त्या कालवनात गेला." मग वही मिटून निघून गेला. सुधाकर बोलला, "हे फार चुकीचं केलंत, बळीरामभाऊ," आनि तोही गेला. परत येताना मेहुना मला आपल्या बाजूला बसू देईना.

गावात येऊन मी गावकी बोलावली आनि देवीसमोर सगळं सांगितलं. लोक बोलायचं ते बोलले. काका उठले आनि बोलले, "नारलाचा मान आता ह्या घरी नको." कोनी आडवं आलं नाय. मी मान खाली घातली. मग मी आकडे वाचले. एकशे त्रेसष्टला गप्प, एकशे एकोनचाळीसला गप्प. शिवनाच्या मशीनचे अठ्ठ्याऐंशी वाचले तेव्हा बायकांच्या बाजूला खोकल्याची साथ आली.

घरी मी सत्यवतीला विचारलं, "तू?"

"मत गुप्त असतं," ती बोलली. "तुमीच बसता ना आत, तुमाला ठाव नाय?"

चौथ्या दिवशी सकाळी बांधाकडून ट्रकचा आवाज आला. मी धावलो. फर्डिनंडचे ट्रक. बारा खेपा ठरलेल्या, पाच टाकल्या. ड्रायव्हर बोलला, "शेठ बोलले, जेवढी मतं तेवढा दगड. हिशेब करून पाठवलाय."

दुपारी पोकलेन आलं. चार दिवस चालनार होतं, दीड दिवस चाललं. सुधाकर स्वतः हापिसची सुट्टी टाकून आला, पँट दुमडून बांधावर उभा. बोलला, "थर्टी थ्री परसेंट. आमच्याकडे पण वर विचारतात." पन पोकलेनवाल्याला त्यानं तळ मात्र सगळ्या खांडीचा काढायला लावला. "एवढं आमच्या कोट्यात बसवतो," बोलला, माझ्याकडे न बघता.

बावीस हातांतली सोळा हात खांड बुजली. सहा हात उरली. अमावास्येचं उधान तीन दिवसांवर.

काका बांधावर काठी टेकून उभे राहिले. सगळं गाव जमलेलं. ते बोलले, "ह्यो दगड ज्यांनी जुन्याला दिलं त्यांचा. ही माती ज्यांनी नव्याला दिलं त्यांची. आता ही सहा हात खांड शिवनाच्या मशीनवाल्यांची आनि बाकीच्यांची. त्यांनी फुडं या, टोपल्या उचला."

कोनी पुढे येईना. मानसं बायकांकडे बघत होती, बायका खाडीकडे. कोनी हलला की तो सापडला.

मग माझा मेहुना, नव्या पार्टीचा एजंट, त्यानं टोपली उचलली. त्याची बायको बोलली, "तुमी?" तो बोलला, "मी नाय. पन मी नाय असं दाखवायला बाजूला उभा राहिलो तर बाकीचे कोन ते दिसेल." त्याच्यामागे एक, मग दुसरा. सगळ्यांनाच भीती, आपन नाय उचलली तर आपलं मत कळेल, आनि उचलली तरी कळेल. मग सगळ्यांनी उचलली. एकदम. सत्यवतीनंही. काकांनीही एक अर्धी टोपली मागून घेतली.

मी खांडीत कमरेइतक्या चिखलात उभा राहिलो, टोपल्या घ्यायला. तीन दिवस. वरून माती यायची, कोनाच्या हातून आली ते चिखलात कळत नव्हतं. पाय रुतले की दोघं-तिघं काखेत धरून उपसायचे, शिव्या देऊन परत उभा करायचे. अमावास्येला भरती आली. सगळे बांधावर, मी बांधाच्या आतल्या अंगाला अजून चिखलातच. पानी दगडाला लागलं, मातीला लागलं, आमच्या सहा हातांपाशी येऊन चढत राहिलं. वीतभर खाली थांबलं. एका ठिकानी पाझरलं, तिकडे पोरीबायांनी गवताचे भारे दाबले.

फर्डिनंड मागे येऊन उभा राहिलेला मला कळलं नाय. बोलला, "बळ्या, ऑक्टोबरात विधानसभा आहे. पुरं गाव आन, उरलेल्या सात खेपा टाकतो."

"नारळ आता माझ्याकडे नाय," मी बोललो. "आनि गाव कधीच नव्हतं."

"मग मी कोनाला विचारू?"

मी बांधावर बघितलं. चारशे मानसं, सगळ्यांचे पाय एकसारखे चिखलाचे.

"एकेकाला विचार," मी बोललो. "वेळ लागेल. मला वर काढ आधी."